पत्रिकेवर आमदार कोणाचा? आपल्या मतदारसंघाची हद्द आणि इतिहास कसा शोधायचा

भाच्याच्या लग्नाची पत्रिका छापायला वडूजच्या एका प्रेसमध्ये बसलो होतो. प्रेसवाल्यानं प्रूफ पुढं सरकवलं आणि विचारलं, "अण्णा, आमदारसाहेबांचं नाव कुठलं टाकू?"

आमच्याकडं हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. आक्का दिलेली पुसेगावला, म्हणजे नवरदेव पुसेगावचा. नवरी पुसेसावळीची. मी मामा, वडूजजवळचा. तिन्ही गावं सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातली. पण पुसेगावचं मतदान कोरेगाव विधानसभेला, पुसेसावळीचं कराड उत्तरला आणि आमचं माणला. एका तालुक्यातलं एक लग्न आणि आमदार तीन! खासदारही दोन, कारण माण लोकसभेला माढ्यात जातं आणि बाकीचे दोन साताऱ्यात. दाजी म्हणाले, "तिघांचीबी टाका की. पण वर कुणाचं?" तिथंच गाडी अडली.

भाची पुण्यात एमपीएससी करते. तिनं मोबाईलमधून डोकं वर काढून विचारलं, "मामा, पण खटावचा म्हणून आमदार का नाही?" म्हटलं, होता. २००९ च्या आधी खटाव स्वतंत्र मतदारसंघ होता. "मग गेला कुठं?" याचं उत्तर द्यायला मला पुढचे तीन रविवार लागले. त्यातून जी पद्धत बसली, ती इथं लिहून ठेवतोय. मी तीस वर्षं तलाठी होतो, शेवटची काही वर्षं मंडल अधिकारी. त्यामुळं यातला निम्मा भाग मला नोकरीतच पाठ झाला होता, हे आधीच सांगतो. पण ज्यांना सजा आणि मंडल यांतला फरक माहीत नाही, त्यांनाही जमेल असंच लिहितोय.

पहिलं पान वाचा

सुरुवात नकाशापासून करू नका. मोबाईलवर रंगीत नकाशे सापडतात, त्यातले बरेचसे कुणीतरी अंदाजानं रंगवलेले असतात. सुरुवात आपल्याच मतदार यादीपासून करा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक येतो. तो भाग क्रमांक घेऊन त्या भागाची पूर्ण यादी उतरवून घ्या. लोक यादी उघडतात आणि आपलं नाव शोधून बंद करतात. आपल्याला हवंय ते पहिलं पान.

त्या पानावर वरच्या बाजूला मतदारसंघाचा क्रमांक, नाव आणि आरक्षणाची स्थिती असते. आमच्या पानावर २५८ माण आहे. खाली लोकसभा मतदारसंघ, ४३ माढा. त्याखाली मुख्य गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, आणि त्या भागात कोणकोणत्या वस्त्या, गल्ल्या, वाड्या येतात त्याची यादी. तालुका खटाव, मतदारसंघ माण आणि लोकसभा माढा, असं एकाच पानावर वाचलं की माणूस जरा थांबतो. भाचीला मी तेच पान छापून दिलं आणि तीन ठिकाणी लाल पेनानं खूण केली. यादी बहुतेक वेळा चित्राच्या रूपात असते, त्यामुळं फाइलमध्ये शोध लागत नाही. डोळ्यांनीच वाचावी लागते.

आसपासच्या दहा-पंधरा गावांची पहिली पानं अशी काढली, की हद्द कुठून जाते ते तुम्हाला कळायला लागेल. बीएलओ, म्हणजे आपल्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी, ओळखीचे असतील तर काम आणखी सोपं. अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेतले गुरुजी असतात, त्यांना आपल्या भागाची शेवटची वस्ती तोंडपाठ असते.

आदेशाची भाषा

आता खरा कागद. आजच्या सगळ्या हद्दी ठरल्या त्या न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगानं. हा आयोग २००२ च्या कायद्यानं नेमला, २००१ ची जनगणना आधाराला धरली, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेनं त्याचे आदेश लागू झाले. महाराष्ट्रात त्या हद्दींवर पहिली निवडणूक झाली २००९ साली. हा आदेश निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात महाराष्ट्राचं प्रकरण उघडा. क्रमांक १ नंदुरबारमधल्या अक्कलकुव्यापासून सुरू होतो आणि २८८ वर शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या जतला संपतो. साताऱ्याचे मतदारसंघ २५५ ते २६२, सांगलीचे २८१ ते २८८.

मतदारसंघाची हद्द कायद्यात रेघ ओढून सांगितलेली नाही. ती गावांच्या गठ्ठ्यांनी सांगितलेली आहे, आणि हे गठ्ठे महसूल खात्याचे आहेत. एका तलाठ्याकडं जी दोन-चार गावं असतात तो सजा. असे काही सजे मिळून एक महसूल मंडल. मंडलं मिळून तालुका. आदेशात एवढंच लिहिलेलं असतं: अमुक तालुका पूर्ण, तमुक तालुका 'भाग', आणि त्या भागापुढं मंडलांची नावं. मंडलही फोडलं असेल तर सजांची नावं. शहर असेल तर वॉर्डांचे क्रमांक.

'भाग' हा शब्द दिसला की तिथं बोट ठेवायचं. सगळी गंमत त्या शब्दाशी आहे. वाई मतदारसंघात वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर हे तीन तालुके पूर्ण आहेत, तिथं बोट ठेवायची वेळच येत नाही. जत म्हणजे जत तालुका, संपलं. पलूस-कडेगाव म्हणजे दोन तालुके. पण फलटणमध्ये फलटण तालुक्याबरोबर उत्तर कोरेगावचा भाग आहे, म्हणून तिकडं लोक सर्रास 'फलटण-कोरेगाव' म्हणतात. साताऱ्यात जावली तालुका आणि सातारा तालुक्याचा भाग. पाटणमध्ये कराड तालुक्यातला सुपन्याकडचा भाग. आणि कराड उत्तरची तर कमालच आहे. कराड, सातारा, कोरेगाव, खटाव अशा चार तालुक्यांचे तुकडे जोडून तो शिवलाय, आजीच्या वाकळेसारखा.

सांगलीतही असंच. विसापूर मंडल तासगाव तालुक्यातलं, पण मतदान खानापूरला. म्हणून तिकडच्या फलकांवर 'खानापूर-आटपाडी-विसापूर' असं लांबलचक नाव असतं. वाळवा तालुक्यातली ४८ गावं शिराळ्याला जातात. मिरज तालुक्याच्या पश्चिमेची आठ गावं, म्हणजे कसबे डिग्रज, दुधगाव, समडोळी, कवठेपिरान वगैरे, इस्लामपूरला जोडलेली. ही गावं सांगली शहराला खेटून. रोजचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं सांगलीत. पण इस्लामपूर आणि शिराळा लोकसभेला हातकणंगल्यात गेल्यामुळं त्यांचा खासदार सांगलीचा नाही.

मी केलेली चूक

इथं मी स्वतः तोंडावर पडलो, ते सांगितलं पाहिजे. आदेशातली मंडलांची नावं घेतली, आपल्या तालुक्याची आजची मंडलवार गावांची यादी समोर ठेवली आणि नकाशा रंगवायला बसलो. नोकरी महसुलातली, त्यामुळं आत्मविश्वास दांडगा. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार. भाचीनं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मावशीचा फोन. "आरं, आमचं गाव कोरेगावच्या रंगात कशापायी घातलंस? मी दर येळी माणच्या उमेदवाराला मत देती. मला ठावं न्हाय व्हय?"

मावशी बरोबर होती. आदेशातले तालुके, मंडलं, सजे हे त्या वेळचे आहेत. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रशासकीय हद्दी जशा होत्या तशा गोठवून आयोगानं काम केलं. त्यानंतर महसूल खात्यानं नवे सजे केले, मंडलं वाढवली, गावं इकडची तिकडं गेली. मतदारसंघाला त्याचं काही देणं-घेणं नसतं. म्हणून मंडलाची यादी जुनी मिळवायची. जुन्या तलाठ्यांकडं, मंडल अधिकाऱ्यांकडं अशा याद्या असतात. माझ्याच कपाटात होती, आणि मी नवी घेऊन बसलो होतो! जुनी यादी नाहीच मिळाली तर मतदार यादीचं पहिलं पान हा शेवटचा निवाडा. आदेश आणि पान जुळत नाहीसं वाटलं, तर चूक बहुतेक आपल्या वाचण्यात असते.

हेच शहरातही लागू आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे प्रभाग निवडणुकीगणिक बदलतात. सांगली आणि मिरज विधानसभेची हद्द त्या बरोबर हलत नाही. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांचंही तसंच. गट बदलला की गावात हवा उठते, "आपला मतदारसंघ बदलला." गट बदलला असतो, विधानसभा जागेवरच असते. आणि गावाचं, शहराचं नाव बदललं तरी मतदारसंघाचं आपोआप बदलत नाही. उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण २०२४ च्या लोकसभेला मतदारसंघ अधिकृत कागदावर उस्मानाबादच होता.

नकाशा रंगवायची रीत

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक तालुक्याचा नकाशा असतो. त्यात प्रत्येक गावाची शीव आणि आत एक क्रमांक. तोच क्रमांक मागच्या गावांच्या यादीत लोकसंख्येसह सापडतो. २००१ ची पुस्तिका घ्या, कारण आयोगानं तीच जनगणना वापरली. तालुक्याचं पान ए-थ्री कागदावर छापून घ्या, वर बटर पेपर टाका आणि साध्या रंगीत पेन्सिलीनं गाव न् गाव भरा. स्केच पेन नको, खोडता येत नाही. माझ्या चुकीनंतर मला सोळा गावं खोडावी लागली.

खटाव तालुका भरून झाला तेव्हा समोर जे दिसलं ते पाहून मी थोडा वेळ गप्पच झालो. पूर्वेकडं वडूज, मायणीचा मोठा पट्टा माणच्या रंगात. पश्चिमेला पुसेगाव आणि खुद्द खटाव गाव कोरेगावच्या रंगात. दक्षिणेला पुसेसावळी कराड उत्तरच्या. ज्या खटाव गावाच्या नावानं तालुका, ते गाव तालुक्याचं ठाणं नाही, ठाणं वडूजला. आता तर नावाचं गाव एका मतदारसंघात आणि तहसील कचेरी दुसऱ्यात.

वाड्यांकडं लक्ष ठेवा. स्वतंत्र ग्रामपंचायत झालेली वाडी महसुली गाव असेलच असं नाही. नसेल तर ती मूळ गावाच्या रंगातच जाणार. माझ्या नकाशात अजून एक वाडी कोरी आहे, दोन गावांच्या शिवेवरची. तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

जागा का कमी झाल्या, हे स्वतः मोजून बघा

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे, आणि त्याला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

२००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की एका आमदारामागं येतात ३,३६,३८४ माणसं. हे माप हातात घ्या. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८,०८,९९४. मापानं भागा: ८.३५. म्हणजे आठ आमदार. सांगलीची २५,८३,५२४. भागा: ७.६८. तेही आठच.

आता तेच १९७१ च्या आकड्यांवर करा, कारण आधीची फेररचना त्या जनगणनेवर झाली होती आणि १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या निवडणुका त्याच हद्दींवर झाल्या. राज्य ५,०४,१२,२३५, जागा तेव्हाही २८८. माप १,७५,०४२. सातारा १७,२७,३७६, भागाकार ९.८७. सांगली १५,३९,८२०, भागाकार ८.८०. आणि तेव्हा साताऱ्याचे आमदार होते दहा, सांगलीचे नऊ. तंतोतंत. मी हे भाचीच्या समोर वहीवर केलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच होतं?" एवढंच होतं.

म्हणजे सातारा जिल्ह्यातली माणसं कमी झाली का? नाही. तीस वर्षांत ६३ टक्के वाढली. पण राज्य ९२ टक्के वाढलं. वाढ झाली ती ठाण्याला, पुण्याला. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, पुण्याच्या १८ वरून २१. आणि ठाण्यात वाढली ती माणसं कुणाची? जावली-पाटणचे माथाडी, आमच्या खटाव-माणची दुष्काळाला कंटाळून गेलेली पोरं. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले तर सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत. माणसं कोपरखैरण्याला गेली आणि त्यांच्या मागोमाग आमदारही. आमच्या आळीतली निम्मी घरं यात्रेलाच उघडतात. त्यांची डोकी मोजली जातात तिकडं.

साताऱ्यात ज्या दोन जागा गेल्या त्या खटाव आणि जावली. खटावच का, हेही मापानं कळतं. माण तालुक्याची लोकसंख्या २००१ ला दोन लाखांच्या आसपास. मापाला सव्वा-दीड लाख कमी. शेजारी खटाव, अडीच लाखांच्या वर. एकटा खटावही मापात बसत नाही. आयोगाला साधारण दहा टक्के कमी-जास्त चालत होतं, त्याहून फार नाही. मग खटावचा मोठा तुकडा माणला दिला आणि उरलेला कोरेगाव आणि कराड उत्तरला वाटला. वाई-खंडाळा-महाबळेश्वर तिन्ही मिळून साडेतीन लाखांच्या थोडं वर होत होते, म्हणून ते तालुके अखंड राहिले. याला राजकारण म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तुकडा नेमका कुठून तोडायचा यात कुणाचं किती वजन पडलं असेल ते असेल. पण तोडावा लागणार हे आकड्यांनीच ठरवलं होतं. आयोगानं मसुदा जाहीर करून हरकती मागवल्या होत्या. मी तेव्हा नोकरीत होतो, रोज मंडलांच्याच याद्या हाताळत होतो, आणि तो मसुदा मी उघडूनही पाहिला नाही.

एक गोष्ट सुटायला नको. राज्याच्या एकूण जागा २८८ वरच का थांबल्या? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली, आणि ८४ व्या दुरुस्तीनं ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढं नेली. २००८ ला फक्त आतल्या भिंती हलल्या, घर तेवढंच राहिलं.

मागं जाताना नावांवर जाऊ नका

निवडणूक आयोगाचे १९५१-५२ पासूनचे निकालाचे अहवाल संकेतस्थळावर आहेत. ते घेऊन मागं चालत जा. विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८. म्हणजे ढोबळमानानं १९५२ चं एक माप, १९५७-६२ चं एक, १९६७-७२ चं एक, १९७८ ते २००४ चं एक आणि २००९ पासूनचं आजचं. एका मापातले निकाल एकमेकांशी ताडता येतात. एका मापातून दुसऱ्यात उडी मारताना जपायचं.

क्रमांक तर धरूच नका. आत्ता अक्कलकुव्यापासून मोजणी आहे. १९७८ ते २००४ मध्ये ती सावंतवाडीपासून सुरू व्हायची. नावंही फसवतात. वाळवा मतदारसंघाचं २००९ ला इस्लामपूर झालं, भिलवडी-वांगीचं पलूस-कडेगाव, कवठे महांकाळ तासगावात मिळालं. जयंत पाटील १९९० पासून वाळव्यातून आणि २००९ पासून इस्लामपूरमधून निवडून आले, म्हणून त्यांनी मतदारसंघ बदलला असं कुणी लिहिलं तर ते अर्धंच खरं. उलट शशिकांत शिंदे १९९९ आणि २००४ ला जावलीचे आमदार होते आणि २००९ ला कोरेगावचे, तिथं मात्र जावली मतदारसंघच नाहीसा झाला होता. आणि कोरेगाव हे नाव जुनंच असलं तरी आतली गावं जुनी राहिलेली नाहीत. नाव तेच, गावं वेगळी, हा सगळ्यात फसवा प्रकार. मताधिक्याची तुलना करायची तर आधी गावांची यादी पडताळा.

आरक्षणाचं थोडक्यात. विधानसभेचं आरक्षण ग्रामपंचायतीसारखं दर निवडणुकीला फिरत नाही. फेररचनेच्या वेळी अनुसूचित जातींच्या लोकसंख्येचं प्रमाण बघून ते ठरतं आणि पुढच्या फेररचनेपर्यंत राहतं. २००८ च्या आधी साताऱ्यात माण राखीव होतं, ते खुलं झालं आणि फलटण राखीव झालं. सांगलीत जत खुलं झालं, मिरज राखीव. सुरेश खाडे २००४ ला जतमधून आणि २००९ ला मिरजेतून निवडून आले, हे त्याचं चालतं-बोलतं उदाहरण.

१९४९ च्या पलीकडं

इथून पुढं अहवाल पुरत नाहीत, घरातल्या ट्रंका उघडाव्या लागतात.

आजचे दोन्ही जिल्हे मिळून एकेकाळी सातारा जिल्हा होता, आणि त्यात अधेमधे संस्थानांची गावं पेरलेली. फलटण, औंध, सांगली, मिरज, जत. औंधचा मुलूख तर इतका विखुरलेला की औंध एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं आणि गुणदाळ पार विजापूरकडं. एकूण गावं ७२. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग केले. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं १९६० च्या नोव्हेंबरात. म्हणून पहिल्या निवडणुकांच्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

आपलं गाव खालसा, म्हणजे थेट इंग्रज सरकारच्या अमलाखालचं, होतं की संस्थानी, हा प्रश्न आधी सोडवा, कारण १९३७ आणि १९४६ ला मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी मत दिलं ते खालसा गावांनी. तेही सगळ्यांनी नाही. मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटी होत्या. १९४६ ला यशवंतराव चव्हाण दक्षिण सातारा मतदारसंघातून मुंबईच्या विधानसभेवर गेले, पण त्याच भागातल्या संस्थानी गावांना त्या निवडणुकीशी काही कर्तव्य नव्हतं. औंधात तर राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ लाच स्वतंत्र राज्यघटना दिली होती, गावच्या पंचायतीपासून वर चढत जाणारी.

आमच्या घरात याचा पुरावा निघाला तो आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. एक खरेदीखत, घडीवर घडी पडून चार तुकडे झालेलं, आणि वर औंध संस्थानचा स्टॅम्प. जमीन आज माझ्या चुलतभावाकडं आहे, विहिरीच्या वरच्या अंगाला. बांधाच्या अलीकडचं रान खालसा गावात, पलीकडचं संस्थानात. आजोबा बांधावर उभे राहून दोन राज्यांत पाय ठेवायचे. आता तिथं दोन मतदारसंघांची हद्द आहे का, म्हणून मी धावत जाऊन नकाशा पाहिला. नाही. दोन्ही बाजू माणमध्येच. तुमच्या ट्रंकेतही असे कागद असतील. लॅमिनेशन मात्र करू नका, फोटो काढून ठेवा.

पत्रिकेचं काय झालं, ते राहिलं. आदेश वाचत असताना भाचीच्या लक्षात आलं की कोरेगाव २५७, माण २५८ आणि कराड उत्तर २५९. आमचे तिन्ही आमदार ओळीनं! प्रेसवाल्याला सांगितलं, अनुक्रमांकानं टाक, कुणी काही बोलायचा प्रश्न नाही. वरपक्ष पहिला, वधूपक्ष तिसरा आणि मामा मध्ये. दाजी खूश झाले. मग खासदारांची वेळ आली. त्याच नियमानं माढा ४३ वर, सातारा ४५ खाली.

"असं कसं," दाजी म्हणाले, "पोरगं आमचं, आन् वर खासदार मामाचा?"

प्रूफ अजून प्रेसमध्येच आहे.